शेष शून्य

जिप्सम बोर्डाच्या भिंतींना लागणाऱ्या साहित्याचा अंदाज काढून देणे हे माझे रोजचे काम आहे. तरीही सहा बोर्डांच्या एका भिंतीचा हिशेब अजून डोक्यातून जात नाही, कारण तो चुकला नव्हता.

यादी घरमालकांनी स्वतःच केली होती. भिंत 13 फूट लांब, 9 फूट उंच आणि तिच्यात 3 बाय 7 चे दार. 117 चौरस फुटांतून दाराचे 21 वजा जाता एका बाजूला 96, दोन्ही बाजू मिळून 192. 4 बाय 8 चा बोर्ड 32 चौरस फुटांचा, म्हणजे बरोबर सहा बोर्ड, शेष शून्य. इतका सुबक भागाकार पाहूनच मला शंका यायला हवी होती. स्टड, म्हणजे बोर्ड ज्यांवर बसवतात ते भिंतीच्या आतले उभे आधार, त्यांनी सात धरले होते. दाराच्या दोन्ही कडा धरून आठ पूर्ण आणि दारावर एक आखूड, अशी दुरुस्ती मी अभिमानाने केली. बोर्डांच्या आकड्याला मात्र नुसती मान डोलावली.

बोर्ड उभे लावल्यावर प्रत्येकाच्या वर एक फूट उघडा राहिला आणि तीन बोर्डांनंतर टोकाला एक फूट रुंदीचा, 9 फूट उंच पट्टा उरला. दाराच्या जागी कापून निघालेल्या तुकड्यांतून दर बाजूला 7 फुटी तीन पट्ट्या मिळाल्या. मिस्त्रींनी प्रत्येकीतले 4 फूट वर बसवले आणि उरलेले तीन-तीन फुटांचे तुकडे एकावर एक रचून टोकाचा पट्टा भरला. बोर्ड पुरले, पण भिंतीची गोधडी झाली.

10 फुटी सात बोर्ड घेतले असते, तर दोन्ही बाजू मिळून 40 फूट सांधे भरावे लागले असते. इथे ते 68 फूट झाले. वाढलेल्या 28 फुटांत एकही कड कारखान्यातून उतार देऊन, म्हणजे टोकाकडे पातळ होऊन, आलेली नव्हती. उताराच्या कडांत सांध्यावरची टेप आणि सांधा भरायचे लुकणासारखे कंपाउंड खाली बसतात. सपाट कडांवर ते उंचवटा करतात, आणि तो लपवायला कंपाउंड दूरवर पसरत न्यावे लागते. दुसऱ्याच दिवशी कंपाउंड संपले. "माल कमी का मागवला?" हा प्रश्न अर्थातच मिस्त्रींना विचारला गेला. चौरस फुटांवर भरवसा ठेवणारी माणसे सांधे कधीच मोजत नाहीत, आणि त्या दिवशी मीही मोजले नव्हते.

रंग झाल्यावर भिंतीलगत दिवा लावला की आठ फूट उंचीवर एक आडवा फुगवटा सरळ दिसतो. मालक मात्र खूश आहेत. एक तुकडाही वाया गेला नाही, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. त्याच पद्धतीने केलेली पुढच्या खोलीची यादी त्यांनी माझ्याकडे पाठवली आहे. त्या खोलीची उंची साडेनऊ फूट आहे, आणि मी अजून उत्तर दिलेले नाही.