बाणावलीची पिवळी स्टॉर्म

जुन्या गाड्या घेण्याआधी तपासून देणं हा माझा धंदा. राहतो पुण्यात, मूळचा सावंतवाडीचा. इतकी वर्षं स्विफ्ट, सिटी, इनोव्हा बघून बघून सवयच लागलीय, बॉनेटच्या आधी नजर दरवाज्याच्या बिजागरीकडे जाते. बोल्टाच्या रंगावर पान्याचे ओरखडे दिसले की समजायचं, दरवाजा एकदा तरी उतरलाय. मग मालक काहीही सांगू दे.

2024 च्या जानेवारीत कोथरूडच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "गोव्यात सॅन स्टॉर्म आहे एक. बघून याल?"

ही गाडी आता किती जणांना आठवते कोण जाणे. 1998 साली आलेली, गोव्यातच बनणारी, दोनच माणसांची, हूड मागे टाकता येणारी गाडी. आखणी फ्रेंचांची, इंजिन रेनॉचं 1149 सीसी, ताकद साठेक घोड्यांची. स्पोर्ट्स कार म्हणायला हे बेताचंच; आजची साधी हॅचबॅक सिग्नलवर हिला मागे टाकेल. पण गाडी हलकी, बसायचं जवळजवळ रस्त्यावर, डोक्यावर छप्पर नाही. त्यामुळे साठचा वेग शंभरासारखा वाटतो. गिऱ्हाइकाने शाळेत असताना ती दोनापावलाला बघितली होती. तेव्हापासून डोक्यात बसलेली. असं गिऱ्हाईक माझ्या दृष्टीने सगळ्यात अवघड, कारण त्याला तपासणी नको असते, आशीर्वाद हवा असतो.

मालक बाणावलीचे. सत्तरीचे, अंगात बनियन, खाली अर्धी पँट. तीस वर्षं तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी. सेकंड इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. ते कोंकणीत बोलायचे, मी मालवणीत, कोणाचंच अडलं नाही. पोचल्यावर मी पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवला. थंडगार.

"हात लावलेला नाही सकाळपासून," अंकल म्हणाले. "इंजिन थंड सुरू होताना बघायचं असतं, ते मला कळतं."

गार इंजिन मुद्दाम गरम करून ठेवणारे मालक मी रोज बघतो. त्यामुळे माझं मन तिथेच थोडं सैलावलं. ते सैलावायला नको होतं, पण सैलावलं.

बॅग उघडली आणि लक्षात आलं की माझी दोन्ही मोठी हत्यारं आज बिनकामाची आहेत. रंगाची जाडी मोजायचं यंत्र खाली धातू असेल तरच चालतं. पत्र्याच्या गाडीवर कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन दाखवतो, आकडा 400 वर गेला की खाली पुट्टी. स्टॉर्मची बॉडी फायबरची. यंत्र टेकवलं तर नुसत्या रेघा. दुसरा स्कॅनर, गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा. तो लावायला ओबीडीचं सॉकेट लागतं, आणि आपल्याकडे ओबीडी सक्तीचं झालं ते भारत स्टेज 4 सोबत, 2010 पासून. ही गाडी 2000 च्या नोंदणीची. राहिलं काय, तर टॉर्च, आरसा, खिशातलं दहाचं नाणं आणि कान.

फायबर नाण्याने वाजवून बघतात. चांगल्या जागी आवाज कोरडा आणि टणक येतो, आतले थर सुटले असतील तिथे बसका. डाव्या पुढच्या चाकावर आवाज बदलला. चाकाच्या पोकळीतून आरसा घातला तर मागच्या बाजूला फायबरच्या मॅटचे धागे दिसले, हाताने रेझिन लावून बसवलेली. म्हणजे कधीतरी तिथे ठोकली होती.

"होय, वडाला," अंकल म्हणाले. "कोलव्याच्या होडीवाल्याकडून करून घेतलं." आता किनाऱ्यावरच्या होड्याही फायबरच्याच, तेव्हा हात त्याचाच बसलेला. पुण्यात एवढं साफ काम मी बघितलेलं नाही. मी नोंद केली, पण गुण कापले नाहीत.

डावा इंडिकेटर लावला की मागचे दोन्ही दिवे मिणमिणायचे. हा फायबरच्या गाड्यांचा ठरलेला आजार. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थचं, म्हणजे वीज बॅटरीकडे परत न्यायचं काम करते. इथे प्रत्येक दिव्याची अर्थ वायर वेगळी ओढावी लागते, आणि तिचं टोक गंजलं की वीज भलत्या दिव्यातून वाट काढते. अंकलनी तिथल्या तिथे सँडपेपरने वायरच्या टोकाची रिंग घासली, दिवे ठीक. इंजिन पहिल्या अर्ध्या सेल्फला सुरू. धूर नाही, ऑइलच्या झाकणाखाली पांढरा साका नाही. टायरची नक्षी ताजी होती, पण बाजूवरचा आकडा 1411. म्हणजे 2011 सालचा चौदावा आठवडा. न झिजलेले आणि तेरा वर्षांचे, लाकडासारखे कडक. कागद चोख: 2015 आणि 2020 ला पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण झालेलं. पुण्यात आणायची तर ना-हरकत दाखला, महाराष्ट्राचा कर आणि 2025 ला पुन्हा फिटनेस, एवढंच.

तोवर गिऱ्हाइकाचा व्हिडिओ कॉल आला होता. "काय म्हणते आमची गाडी?" आमची!

खालून बघायचं राहिलं होतं. अंकलनी अंगणात चिऱ्यांचा खड्डा बांधून घेतलेला, वर्कशॉपमध्ये असतो तसा. फोन काठावर विटेला टेकवला आणि खाली उतरलो.

वरची बॉडी कधीच गंजत नाही, म्हणून फायबरची गाडी पंचवीस वर्षांनीही देखणी दिसते. पण फायबर नुसतं कपड्यासारखं असतं. चाकं, इंजिन, माणसं यांचा भार पेलतो तो खालचा लोखंडी सांगाडा. तो इथे टोकापासून टोकापर्यंत काळ्या अंडरकोटिंगखाली होता. जाड, चकचकीत, कुठे खाच नाही. विकाऊ गाडीवर ताजं कोटिंग दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो.

"दर मे महिन्यात मारून घेतो, पावसाच्या आधी," वरून आवाज आला. "एक वर्ष चुकवलं नाही."

बोटाच्या पेराने सांगाड्याची उजवी नळी वाजवली, मग डावी. दोनदा, तीनदा. मागच्या चाकाचा आर्म जिथे बोल्टने धरलेला असतो, त्याच्या चार बोटं पुढे आवाज मेलेला होता. वर सीटखाली हात घातला तर गालिचा दमट. हूडची शिवण उसवलेली मी सकाळीच लिहून ठेवली होती. दोन टोकं तेव्हा जुळली, पाणी वरून झिरपत होतं.

आमच्या धंद्याचा नियम आहे, दुसऱ्याच्या गाडीला ओरखडा काढायचा नाही. म्हणून मी अंकलना सरळ सांगितलं, "डावीकडचा आवाज मला आवडला नाही. खरवडल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, आणि खरवडायचा हक्क माझा नाही. गाडी मात्र मी रस्त्यावर चालवून बघणार नाही."

ते काही बोलले नाहीत. आत गेले. मला वाटलं, आता चहा येईल आणि निरोप मिळेल. आले ते हातात टोकदार हातोडी घेऊन. बोटीवर गंज उडवायला वापरतात ती, दांडा घासून काळा झालेला. चष्मा पुसला, चिऱ्यांना धरत धरत खड्ड्यात उतरले आणि मला बाजूला सारलं.

टण. टण. टण. उजवी बाजू पूर्ण झाली. मग डावी. टण. टण. आणि मग नुसतं भस्. हातोडीची चोच मुळापर्यंत आत. त्यांनी ती हलवून बाहेर काढली तसे चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखे तांबडे पदर खाली पडले, मग थोडं पाणी ठिबकलं. कोटिंगची काळी साल मात्र भोकाभोवती तशीच ताठ उभी.

काठावरून फोन बोलला, "हॅलो? फ्रीज झालं वाटतं. कोणीच हलत नाहीये."

फ्रीज झालं नव्हतं.

अंकल थांबले नाहीत. अजून तीन भोकं पाडली. माझ्याकडे खडू मागितला, नव्हता, तर नातवाच्या दप्तरातून आणवला आणि चारही जागांवर गोल काढले. आर्मच्या बोल्टापाशी एक गोल दोनदा गिरवला. परवाच्या रविवारी त्याच नातवाला शेजारी बसवून ते मडगावला जाऊन आले होते.

"बोटीवर पोरांना शिव्या घालायचो," ते म्हणाले. "आधी खरवड, मग लाल प्रायमर, मग रंग. गंजावर रंग मारलेला दिसला की त्याच्याकडून सगळं परत करून घ्यायचो." गाडीखालच्या काळ्या थराकडे बघत राहिले. "आणि इथे दरवर्षी पैसे मोजून..."

गिऱ्हाईक लगेच भावावर आलं. साडेचार लाखांची गाडी, आता दीडमध्ये मिळेल का, विचारा ना. विचारायला मला लाज वाटली, पण ते माझं कामच आहे. अंकलनी मान हलवली. अशी गाडी कोणाला द्यायची नाही, म्हणाले. पैशाचं नाव काढलं नाही.

मग आम्ही दोघं तासभर नुसतं कसं करायचं तेच बोललो. जागेवर वेल्डिंग करता येत नाही. वर फायबर आहे, पेट घेईल. बॉडी आधी सांगाड्यावरून उचलायला हवी, कुजलेले तुकडे कापून नवीन नळी घालायची, आतल्या बाजूनेही प्रायमर गेला पाहिजे. बॉडी उचलायला चार माणसं पुरतील, हलकी आहे. होडीवाल्याकडे कप्पी आहेच. अंकल कागदावर रेखाटत होते. मधेच आंटींनी मानकुराद आंब्याचं लोणचं बांधून दिलं.

रात्रीच्या बसमध्ये रिपोर्ट भरला. इंजिन: उत्तम. बॉडी: उत्तम, एक जुनी दुरुस्ती. टायर: बदला. सांगाडा: नापास, गाडी चालवू नये. पुढच्या रकान्यात दोष कोणत्या साधनाने सापडला ते लिहायचं असतं. तिथे एरवी यंत्राचं नाव येतं. मी लिहिलं, "हातोडी, मालकांची."