आमची वाटचाल : दोन तारखांच्या मधलं काम

पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाजवळ आमचं छोटं कार्यालय आहे. काम फक्त दिवाणी. फर्मची वाटचाल म्हटलं की जिंकलेल्या दाव्यांची यादी आणि अशिलांचे अभिप्राय येतात. ते इथे नाहीत. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६ वकिलाला जाहिरात करू देत नाही, आणि दिवाणी वकील कसं काम करतो ते तसंही निकालांपेक्षा त्याच्या फाइलींवरून जास्त कळतं. कायदा बदलत गेला तशी आमची कामाची रीत बदलली. दावा तारखेला थोडा चालतो, खरा चालतो तो दोन तारखांच्या मध्ये, हे धरूनच ती घडली.

गर्दीच्या कोर्टात बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या दाव्यांची यादी, दोन-तीन पानी असतो. पुकाऱ्याला समन्स, म्हणणं (अर्जाला लेखी उत्तर), मुदत अर्ज (पुढची तारीख मागणारा) अशी कामं उरकतात, मग पुरावा, आणि युक्तिवाद बहुधा दुपारी. फाइलच्या कव्हरवर आम्ही सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक (दाव्याचा ओळख क्रमांक), स्टेज आणि तारखेशेजारी ‘पुढचं काम’ लिहितो: समन्सचा भत्ता भरणे, अमुक निशाणीवर (कोर्टाने क्रमांक दिलेल्या कागदावर) म्हणणं देणे, साक्षीदाराला मूळ दस्त घेऊन बोलावणे. नुसत्या तारखेची डायरी कुठल्या कोर्टात जायचं एवढंच सांगते. संध्याकाळी रोजनामा, म्हणजे त्या दिवशीच्या कामाची कोर्टाची नोंद, ई-कोर्टवर (कोर्टांच्या सरकारी संकेतस्थळावर) वाचायचाच. ‘वादी व वकील गैरहजर’ असं चुकून पडलं असेल तर दुसऱ्याच दिवशी त्याच न्यायाधीशांसमोर अर्ज द्यावा. कोर्टात काय घडलं याबद्दल कोर्टाची नोंद अंतिम मानायची, ती चुकली असेल तर आठवण ताजी असताना त्याच न्यायाधीशांकडे जायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच रामदास नायक प्रकरणात सांगितलंय. अपिलात जाऊन ‘तसं घडलंच नव्हतं’ म्हणण्याला अर्थ राहत नाही.

मुदत अर्जाचं गणित नव्या वकिलांना उशिरा कळतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १७ रूल १ प्रमाणे (पुढचे ऑर्डर-रूलही याच संहितेतले) सुनावणीच्या काळात एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी नाहीत, आणि ‘वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेत’ हे कारण तर कायद्यानेच बाद केलंय. प्रत्यक्षात कोर्टं सवलत देतात, पण कॉस्टसह, म्हणजे खर्चाचा भुर्दंड लावून. आणि ती नोंद पुढे अपिलातही वाचली जाते. म्हणून पुराव्याच्या तारखेला ज्युनियरच्या हातात फाइल नाही, तयार उलटतपास द्यावा.

समन्सवर बरेच दावे महिनोन्‌महिने अडकतात. ‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही’ हा बेलिफचा (समन्स बजावणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याचा) शेरा बहुतेक वेळा अर्धवट पत्त्याने येतो. पेठेचं नाव आणि घर नंबर पुरत नाही. विंग, मजला, सोसायटी, जवळची खूण, पिनकोड, मोबाइल आणि कामाचा पत्ताही द्यावा. समन्स बजावणीविना परत आलं की ऑर्डर ९ रूल ५ मधले सात दिवस मोजायला लागायचं. तेवढ्यात नवं समन्स मागितलं नाही तर त्या प्रतिवादीपुरता दावा फेटाळला जाऊ शकतो. दार बंद असल्याने समन्स डकवलं असेल तर बेलिफच्या अहवालात पंचांची नावं, वेळ आणि घर कोणी दाखवलं ते आहे का, हे आधी पाहावं. त्याशिवाय एकतर्फा हुकूम मिळवला तर पुढे तो रद्द व्हायला वेळ लागत नाही.

निशाणी ५ म्हणजे तूर्तातूर्त (दावा चालू असेपर्यंतच्या) मनाईचा अर्ज. एकतर्फी मनाई मिळाली की अशील खूश होऊन घरी जातो, वकिलाचं काम मात्र तिथून सुरू होतं. ऑर्डर ३९ रूल ३ नुसार अर्ज, प्रतिज्ञापत्र, वादपत्र आणि दस्त यांच्या प्रती प्रतिवादीला ताबडतोब पोचवायच्या किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवायच्या, आणि तसं केल्याचं प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखल करायचं. हे राहिलं तर समोरचा वकील गुणदोषांवर बोलतच नाही, थेट हुकूम उठवायला सांगतो. म्हणून पाकिटं पत्ते घालून आदल्या दिवशीच तयार असावीत. संहितेत महाराष्ट्रापुरतं कलम ९-अ असेपर्यंत अधिकारक्षेत्राची (हा दावा या कोर्टात चालतो का, अशी) हरकत घेतली की मनाई अर्ज आधी त्या मुद्द्यामागे थांबे. २०१८ साली ते कलम गेलं आणि हरकतीचं उत्तरही मनाईच्या युक्तिवादातच तयार ठेवावं लागतं.

कैफियतीसाठी (प्रतिवादीच्या लेखी उत्तरासाठी) ३० दिवस, जास्तीत जास्त ९०. साध्या दाव्यात सबळ कारण दाखवून त्यापुढे कोर्ट परवानगी देतं. कमर्शियल (व्यापारी वादाच्या) दाव्यात १२० दिवसांनंतर कोर्टाला तो अधिकारच नाही. त्यामुळे वकीलपत्र घेतानाच समन्स नेमकं कोणत्या तारखेला मिळालं हे अशिलाच्या तोंडून नव्हे, बजावणीच्या अहवालावरून लिहून घ्यावं.

आता पुरावा. सगळ्यात जास्त दावे इथे बिघडतात. २००२च्या दुरुस्तीपासून सरतपास, म्हणजे आपल्याच साक्षीदाराची साक्ष, प्रतिज्ञापत्रावर येतो, आणि तेव्हापासून वादपत्र जसंच्या तसं उतरवायची खोड लागली. काही प्रतिज्ञापत्रांत शेवटची विनंतीची कलमंसुद्धा असतात. साक्षीदाराने स्वतः पाहिलेलं तेवढंच ठेवावं. प्रत्येक दस्ताला दस्त यादीतला अनुक्रमांक, सही कोणाची आणि ती साक्षीदार कशावरून ओळखतो, हे एका वाक्यात यावं. दस्तावर निशाणी पडण्याआधी, म्हणजे तो पुराव्यात घेतला जाण्याआधी, आम्ही एक तक्ता करतो: दस्त, मूळ की प्रमाणित नक्कल की झेरॉक्स, सही, स्टँप, नोंदणी, अपेक्षित हरकत. नोटरी केलेली झेरॉक्स म्हणजे मूळ दस्त नव्हे. मूळ कुठे आहे, का मिळत नाही, समोरच्याकडे असेल तर हजर करण्याची नोटीस दिली का, एवढं आधी यायला हवं.

स्टँपचं उदाहरण जवळून पाहू. गुंठेवारीच्या प्लॉटचं शंभराच्या स्टँपवरचं साठेखत, नोटरी केलेलं, आत ‘आजरोजी ताबा दिला’ असं वाक्य. त्या एका वाक्याने महाराष्ट्र मुद्रांक कायद्याच्या अनुच्छेद २५ खाली ते खरेदीखतासारखं धरलं जातं आणि पूर्ण मुद्रांक शुल्क लागतं. कलम ३४ मुळे तुटीचा स्टँप आणि दंड भरल्याशिवाय ते पुराव्यात येत नाही. दंड दरमहा तुटीच्या दोन टक्के, दस्त झाल्या तारखेपासून. दस्त जुना असला तर आकडा ऐकून अशील हबकतो. म्हणून हा हिशोब दावा लावण्यापूर्वी सांगावा, उलटतपासाच्या दिवशी नव्हे. मूळ हरवून फक्त झेरॉक्स उरली असेल तर तिच्यावर स्टँप भरून घेता येत नाही, तेव्हा दाव्याची मांडणीच वेगळी करावी लागते. उलट तुम्ही प्रतिवादीकडून असाल तर स्टँपची हरकत निशाणी पडायच्या क्षणीच घ्या. एकदा दस्त पुराव्यात घेतला गेला की कलम ३५ मुळे ती पुन्हा काढता येत नाही. इतर हरकती नोंदवून निकालाच्या वेळी पाहता येतात, स्टँपची मात्र तिथेच ठरवावी लागते.

व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट आता वाटपाच्या दाव्यातही येतात. जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात २०२० साली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र सक्तीचं ठरलं. मूळ फोनच त्याच्या मालकाने साक्षीत हजर करून सिद्ध केला तर गरज नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं. त्यात प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, ‘अ’ देणाऱ्याचा आणि ‘ब’ तज्ज्ञाचा, दोन्हींत हॅश मूल्य (फाइलच्या मजकुरावरून संगणकाने काढलेली तिची ओळखखूण) लिहायचं. हॅश प्रत काढतानाच काढून ठेवावं. फाइल पुन्हा उघडून सेव्ह केली की बदलू शकतं. त्या तारखेआधी प्रलंबित असलेल्या दाव्यांना जुनाच पुरावा कायदा लागू राहतो, त्यामुळे कार्यालयात दोन्ही नमुने लागतात. दाखल तारीख पाहिल्याशिवाय नमुना उचलू नये.

उलटतपास आपल्याकडे प्रश्नोत्तरांत क्वचितच उतरतो. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश कथनरूपात टंकलेखकाला सांगतात: ‘दाव्याच्या मिळकतीत मी राहत नाही असे म्हणणे खरे नाही.’ प्रश्नात एक नकार जास्त झाला की नोंदीचा अर्थ उलटतो. म्हणून एका प्रश्नात एकच गोष्ट, तीही होकारार्थी. साक्षीदार टाळाटाळ करत असेल तर ऑर्डर १८ रूल १० खाली तो प्रश्न आणि उत्तर जसंच्या तसं नोंदवायची विनंती करावी. नम्रपणे आणि दिवसातून एखाद्याच वेळी. स्क्रीनकडे लक्ष ठेवावं, चूक दिसली तर तिथेच सांगावी. सह्या झाल्यावर सांगितलेली चूक कोणी ऐकत नाही, आणि ते बरोबरच आहे.

वाटपाच्या दाव्यात वीस-पंचवीस प्रतिवादी असतात, म्हणून दर तारखेआधी अशिलाला विचारावं, सगळे हयात आहेत ना? मयताचे वारस ९० दिवसांत रेकॉर्डवर आणायचे. नाही आणले तर त्याच्यापुरता दावा अबेट होतो (आपोआप संपतो), ते रद्द करायला पुढचे ६० दिवस, त्यानंतर विलंबमाफीचा अर्ज. मयत समोरच्या बाजूचा असेल तर त्याच्या वकिलाने कोर्टाला कळवायचं असतं, ऑर्डर २२ रूल १०-अ. लेखी विचारलं की सहसा कळवतात.

युक्तिवादात तारखांचा एक पानी गोषवारा न्यायाधीशांच्या हातात असावा, प्रत्येक ओळीपुढे निशाणी क्रमांक. लेखी युक्तिवाद तोंडी संपायच्या आत, मुद्द्यांच्या क्रमाने. पंधरा निवाडे जोडण्यापेक्षा दोन, संबंधित परिच्छेदाला खूण करून. उरलेले तेरा बहुधा वाचले जात नाहीत.

निकाल लागला की त्याच दिवशी नक्कल अर्ज. नकलेवर अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख असते. मुदत मोजताना अर्जापासून तयार होईपर्यंतचे दिवस वजा होतात. तयार नक्कल खिडकीवर पडून राहिली ते दिवस होत नाहीत. जिल्हा न्यायालयातल्या अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयात ९०. आणि हुकूमनामा हातात आला की चतुःसीमा वादपत्राशी ताडून पाहावी, गट नंबरसकट; दरखास्तीत (निकालाच्या अंमलबजावणीत) बेलिफ ताबा घ्यायला जातो तो त्याच कागदावर.