राज्यात नवा कायदा हवा असेल तर: मोहिमेच्या तयारीचा आमचा अनुभव

नव्या कायद्याची मोहीम म्हटलं की लोक आधी सह्यांचे कागद छापायला घेतात. आमच्या अनुभवात सह्यांची पाळी शेवटी येते. आधी बघायचं ते हे, की कायदाच नाही, की कायदा आहे पण त्याखालचे नियम निघालेले नाहीत? नियमच अडले असतील तर नव्या विधेयकाची गरज नाही, पाठपुरावा संबंधित विभागाकडे करायचा.

कायदाच नसेल तर राज्यघटनेची सातवी अनुसूची उघडावी; कोणत्या विषयावर केंद्राने आणि कोणत्यावर राज्याने कायदा करायचा, याच्या याद्या तिथे आहेत. विषय राज्यसूचीत असला तर वाट सरळ. समवर्ती सूचीत (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांच्या यादीत) असून केंद्राच्या कायद्याशी विसंगती येत असेल, तर राष्ट्रपतींची संमती लागते. त्यात वेळ जातो: सामाजिक बहिष्कारविरोधी विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ मध्ये मंजूर केलं, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर कायदा लागू झाला जुलै २०१७ मध्ये. कार्यकर्त्यांना हे आधीच सांगून ठेवावं, नाहीतर सभागृहात मंजुरी मिळाली की पेढे वाटून सगळे घरी जातात.

खरी मेहनत पुराव्याची. माहिती अधिकाराच्या अर्जात राज्याच्या नियमांप्रमाणे एकच विषय, दीडशे शब्दांत. शुल्क १० रुपये. ‘कारवाई का केली नाही’ असं विचारलं की हाती काही लागत नाही. ‘किती तक्रारी आल्या, कोणत्या कलमाखाली किती निकाली निघाल्या’ असं विचारावं, आणि सगळ्या जिल्ह्यांत मजकूर तोच ठेवावा, म्हणजे तक्ता जुळतो. ‘अशी तरतूद नाही’ हे एक लेखी उत्तर शेकडो सह्यांना भारी पडतं. उत्तराला ३० दिवस, मग पहिलं अपील. म्हणून अधिवेशनाच्या किमान तीन-चार महिने आधी अर्ज गेलेले हवेत.

मसुद्यात व्याख्येचं कलम वकिलाकडून नीट घासून घ्या. विरोधक नेमकं सैल व्याख्येवर बोट ठेवतात.

आमदारांना अधिवेशनाच्या धावपळीत गाठू नये. मतदारसंघात, तिथल्याच मतदारांनी, एकपानी टिपण घेऊन भेटावं. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. सत्ताधारी आणि विरोधी, दोन्ही बाकांवरचे हवेत. अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेलं विधेयक, क्वचितच मंजूर होतं, तरी ते चर्चेला आलं तर सरकारला उत्तर द्यावं लागतं, आणि त्या उत्तरातलं आश्वासन आपल्या कामाचं असतं.

हे सगळं नव्या विधानसभेच्या पहिल्या दोन वर्षांत उरकावं. विधानसभेने मंजूर केलेलं विधेयक विधान परिषदेत अडकलं आणि तेवढ्यात विधानसभा विसर्जित झाली, तर ते व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागतं.