संघांआधी माणसं बघा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दर मार्चमध्ये हा प्रश्न येतोच: "कॉलेजचं बास्केटबॉल तुम्ही वर्षभर बघत नाही, मग ऑफिसच्या ब्रॅकेट पूलमध्ये दरवेळी वरच्या पाचांत कसे?" (ब्रॅकेट पूल म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय बाद फेरी स्पर्धेतल्या प्रत्येक सामन्याचा विजेता आधीच कागदावर लिहायचा, आणि ज्याचे गुण जास्त तो जिंकला.)

मी संघांइतकाच पूलमधल्या माणसांचा विचार करतो.

मी नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला राहतो. ड्यूक आणि यूएनसी (युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना), दोन्ही विद्यापीठं इथून जवळच. त्यामुळे आमच्या चाळीस जणांच्या पूलमध्ये निम्म्याहून जास्त लोक विजेता म्हणून यांच्यापैकीच एक नाव लिहितात. आता गुण बघा. 64 संघ, 63 सामने. पहिल्या फेरीत बरोबर अंदाजाला 1 गुण, पुढे 2, 4, 8, 16 आणि विजेत्याला 32. पहिल्या फेरीचे सगळे 32 सामने बरोबर आले तरी तेवढेच गुण! मीही ड्यूक लिहिलं आणि ते जिंकलं, तर ते 32 गुण माझ्याबरोबर आणखी दहा-बारा जणांच्या खात्यात पडणार. मग मला त्यांच्यापुढे जायला काय उरलं?

2018 सालचंच घ्या. वेळापत्रक रविवारी जाहीर झालं आणि बहुतेकांनी त्याच रात्री कागद भरले. मी बुधवारपर्यंत थांबतो. मंगळवारी बातमी आली की अव्वल मानांकित व्हर्जिनियाचा खेळाडू डिआंद्रे हंटर याचं मनगट मोडलंय. विजेत्याच्या चौकटीतून मी व्हर्जिनिया काढलं आणि व्हिलानोव्हा लिहिलं. तोही पहिल्या मानांकनाचाच संघ; 64 संघांचे चार गट असतात आणि प्रत्येक गटात 1 ते 16 मानांकनं, म्हणून पहिल्या मानांकनाचे संघ चार. पण 2016 च्या अंतिम सामन्यात त्यांनी शेवटच्या क्षणी बास्केट करून यूएनसीला हरवलं होतं. ती जखम इथे अजून ओली होती, त्यामुळे आमच्याकडे ते नाव लिहिणारे आम्ही दोघंच.

शुक्रवारी पहिल्या फेरीत शार्लटला व्हर्जिनियासमोर सोळाव्या, म्हणजे गटातल्या शेवटच्या मानांकनाचं यूएमबीसी हे विद्यापीठ होतं. पहिला विरुद्ध सोळावा अशा 135 सामन्यांत तोवर पहिला मानांकित कधीच हरला नव्हता. आम्ही एका सहकाऱ्याकडे जमलो होतो. मध्यंतराला 21-21. टीपॉयवर त्याचा कागद, विजेत्याच्या चौकटीत व्हर्जिनियाभोवती निळ्या पेनाचं दुहेरी वर्तुळ. 74-54 असा निकाल लागला तेव्हा त्याने शांतपणे त्या कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मला खरंच वाईट वाटलं. रविवारी तिथेच यूएनसीही हरलं.

यूएमबीसी मीही लिहिलं नव्हतं, आणि लिहूही नये. 1 गुणासाठी पुढच्या फेऱ्यांचे गुण धोक्यात घालायचे नसतात. व्हर्जिनिया माझ्याही कागदावर शेवटच्या चारांत होतं. पण तो फटका सगळ्यांना बसला, म्हणून मी मागे पडलो नाही. 2 एप्रिलला अंतिम सामन्यात व्हिलानोव्हाने मिशिगनला 79-62 हरवलं.

पूल आठ-दहा जणांचा असेल, तर मात्र हे वेगळेपण नको. तिथे सरळ सगळ्यांत बलवान संघ लिहा. म्हणून तुमच्या पूलमध्ये किती जण आहेत आणि ते कुठले, ते आधी सांगा.