सतरा नंबर

आमच्या नववी 'ब'मधला सतरा नंबर 'सतरा' म्हणते तेव्हा कधीच जागेवर नसतो. मी एकवीस-बावीसला पोचले की दारात सावली पडते. "आत येऊ मॅडम?" परळी खोऱ्यातून एसटीनं येतो, त्यामुळे कारणांची त्याला कधी ददात नसते.

वर्गात बावन्न पोरं. हजेरीला चार-पाच मिनिटं लागतात आणि तेवढ्यात वर्गाची तब्येत कळते. कोण 'हजर' म्हणतं, कोण 'यस मॅडम', कोण नुसता हात वर करतं, म्हणजे घरी काहीतरी बिनसलंय. नववीत मुलांचे आवाज फुटतात. एकाचा 'ह' त्याच्या वडिलांचा असतो आणि 'जर' त्याचा स्वतःचा. मागचे बाक खुसखुसतात. दुसऱ्याची हजेरी मारायला हेच वय सोयीचं असावं. कुणाचा आवाज कुठला, ते ज्याचं त्यालाही ठाऊक नसतं.

नावानं हजेरी घ्यावी असं दर जूनमध्ये ठरवते आणि आषाढापर्यंत नंबरावर येते. तास पस्तीस मिनिटांचा, करणार काय!

७ नोव्हेंबरला, विद्यार्थी दिनाला, मी पोरांना आपल्या साताऱ्याचीच गोष्ट सांगितली. १९०० साली याच तारखेला बाबासाहेब इथल्या सरकारी हायस्कूलात, म्हणजे राजवाड्याजवळच्या आताच्या प्रतापसिंह हायस्कूलात, इंग्रजी पहिलीत दाखल झाले. रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर 'भिवा' या नावाची नोंद आहे. मला वाटलं, वर्ग गंभीर होईल. पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, रोल नंबर एकोणीसशे चौदा? मग वर्गात बसायची कुठं एवढी पोरं?"

मग जनरल रजिस्टर आणि कॅटलॉग यांतला फरक सांगण्यात निम्मा तास गेला. कॅटलॉगमधला नंबर दर वर्षी बदलतो. जनरल रजिस्टरचा मात्र दाखल्यावर चढतो आणि शाळा सुटली तरी आपलाच राहतो. घरी जाऊन आपापला दाखला बघा म्हटलं. दुसऱ्या दिवशी एवढा गृहपाठ बावन्नपैकी अठ्ठेचाळीस जणांनी करून आणला. व्याकरणाचा कधी कुणी आणत नाही!

त्याच आठवड्यात सतरा नंबर चक्क तिसाव्या नंबराला उगवला. चपलांना शेण, केसांत वैरणीची काडी.

"का रे, आज काय?"

"म्हस व्याली मॅडम, पहाटं."

माझ्या तोंडून आपसूक गेलं, "काय झालं?"

"रेडा."

"आरारारा!" अख्खा वर्ग हळहळला. निम्म्या पोरांच्या घरी दावणीला म्हैस आहे. रेडा म्हणजे काय ते त्यांना समजावावं लागत नाही. मीही पाटणकडची असल्यानं हळहळले. त्या गलक्यात खिडकीजवळून एकतीस नंबरचा आवाज आला, शांत, मान वहीतच ठेवून:

"म्हशीलाच तेवढी मुलगी झालेली चालती, नाही का मॅडम?"

वर्ग हसला. ती हसली नाही. खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, मी थोडा वेळ तिकडं बघितलं. अशा वेळी शिक्षकानं काय बोलायचं असतं, हे बी.एड.ला कुणी सांगितलं नव्हतं. मी "बत्तीस" म्हटलं.

पुढची उत्तरं मला नीट ऐकू आली नाहीत. कॅटलॉगवरून बोट तेवढं खाली सरकत होतं. एक ते एकोणतीस मुलगे, तीस ते बावन्न मुली. एवढी वर्षं याच क्रमानं हजेरी घेतेय, तो कुणी ठरवला तेही कधी विचारलं नाही. मुली वाट बघत बसतात, मुलगे 'हजर' म्हणून मोकळे होतात आणि डबा उघडायच्या तयारीला लागतात.

दुसऱ्या दिवशी मी खालून सुरू केलं. "बावन्न."

शेवटच्या बाकावरची दचकून उभीच राहिली. "हजर!" पुढं एकतीसला पोचेपर्यंत वर्गाला खेळ कळला होता. एकतीस नंबरनं या वेळी मान वर करून 'हजर' म्हटलं. मुलगे मात्र गडबडले, दोघांनी आपला नंबर येण्याआधीच ओ दिली.

एकोणीस. अठरा. दारात सावली.

"सतरा."

"हजर मॅडम!" तो दारातूनच ओरडला. जूनपासून पहिल्यांदाच आपल्या नंबराला सापडला होता. जागेवर जाता जाता माझ्या टेबलाशी थांबला आणि हळूच म्हणाला,

"मॅडम, उद्यापण उलटंच घेता का?"