गावच्या घरातली डिश काढून टाकावी का?

पावसाळ्यात गावच्या घरी टीव्ही धड दिसत नाही, आई-वडील दोघेच असतात, तेव्हा ती डिश काढून टाकून त्यांना सरळ इंटरनेटवर टीव्ही पाहण्याची सोय करून द्यावी का, असा प्रश्न मला दरवर्षी जूनपासून गणपतीपर्यंत विचारला जातो. विचारणारे बहुतेक मुंबईत, पुण्यात किंवा त्याहून लांब असतात आणि टीव्हीसमोर बसणारे माणूस इकडे दापोली-मंडणगडच्या एखाद्या वाडीत असते. मी २७ वर्षे आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवले, म्हणून हे फोन माझ्याकडे येतात. या वेळी तुम्ही विचारलेत, म्हणून फोनवर सांगता येत नाही तेवढे सगळे लिहून काढतो.

उत्तर आधीच सांगून टाकतो. दोष पावसाचा आहे की वायरीचा, हे ठरल्याशिवाय डिश काढू नका. आणि घरात वयस्क माणूस एकटे राहत असेल, तर घरी इंटरनेट जरूर घ्या, पण डिशही राहू द्या. असे मी का म्हणतो, ते आमच्याच घरच्या गोष्टीवरून सांगतो.

२०१९ च्या जुलैत मी रत्नागिरीला नोकरीत होतो आणि आई वाडीतल्या घरी एकटी होती. दिवेलागणीला देवापुढे निरांजन लावायचे आणि मग ओटीवर बसून सह्याद्री वाहिनीच्या बातम्या पाहायच्या, हा तिचा कित्येक वर्षांचा नेम आहे. फोनवर तक्रार करण्याचा तिचा स्वभाव नाही. "आज टीव्ही मुका आहे," एवढेच ती म्हणे, आणि मी पाऊस आहे म्हणून ते सोडून देई. त्या महिन्यात तो सलग सहा दिवस मुका राहिला. तालुक्याच्या गावाहून बोलावलेला फिटर एकदा "पावसात असंच होणार" म्हणून परत गेला आणि दुसऱ्या खेपेला सेट-टॉप बॉक्स बदलून, त्याचे पैसे घेऊन गेला. नव्या बॉक्सवरही चित्र आले नाही. शेवटी मी रजा काढून घरी गेलो.

फोन आला की मी सगळ्यात आधी जे विचारतो, ते आईला तेव्हाच विचारायला हवे होते: पाऊस थांबल्यावर चित्र किती वेळाने परत येते? डिशवर येणाऱ्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर असते आणि मुसळधार पावसाचे थेंब त्या लहरी शोषून घेतात, विखरून टाकतात. हे दुखणे खरे आहे, पण ते पावसाची मोठी सर असेपर्यंतच टिकते; सर ओसरली की दहा-पंधरा मिनिटांत चित्र आपोआप परत आले पाहिजे. पाऊस थांबून दोन तास झाले, ऊन पडले, तरी पडद्यावर 'नो सिग्नल'च असेल, तर पाणी आकाशात नसून तुमच्या वायरीत किंवा जोडात आहे, असे खुशाल समजा. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही दुसऱ्या प्रकारची प्रकरणेच जास्त निघतात, आणि ती हाताने दुरुस्त करता येण्यासारखी असतात.

दुसरी खूण बॉक्सच्या मेनूमध्येच असते. तिथे सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात, एक स्ट्रेंग्थची आणि एक क्वालिटीची. लोक पहिली पट्टी पाहून समाधान मानतात, पण स्ट्रेंग्थमध्ये सिग्नलबरोबर नुसता गोंगाटही मोजला जातो. चित्र लागणार की नाही, ते दुसऱ्या पट्टीवर ठरते. आईच्या बॉक्सवर स्ट्रेंग्थ ८० च्या घरात होती, तर क्वालिटी २० वर येऊन थरथरत होती. जुन्या अँटेनाच्या काळात सिग्नल क्षीण झाला तरी मुंग्यांमधून माणूस ओळखू येई. डिजिटल प्रक्षेपणात तसे होत नाही. ठरावीक पातळीपर्यंत चित्र लख्ख असते, त्याखाली उतरले की चौकोन चौकोन होऊन फुटते आणि आणखी खाली गेले की एकदम नाहीसे होते. म्हणूनच उन्हाळाभर उत्तम दिसणारी डिश मुळात काठावर चाललेली असते, हे पहिल्या पावसापर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही.

डिशपाशी गेलो तेव्हा तीन दोष एकाच वेळी सापडले. डिशच्या पुढच्या दांडीवर जो एलएनबी, म्हणजे सिग्नल टिपून केबलमध्ये सोडणारा छोटा डबा असतो, त्याला केबल जिथे जोडतात त्या कनेक्टरवरचे रबरी टोपण फाटलेले होते. कनेक्टर फिरवून काढला तर आतून पाण्याचे दोन थेंब माझ्या बोटावर पडले. मधली तांब्याची तार काळी पडली होती आणि भोवतीच्या जाळीवर हिरवा कळंक चढला होता, कल्हई उडालेल्या भांड्यावर चढतो तसा. पुढे वळचणीखाली केबलला एक जोड होता, तोही दोन तारा नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळलेला. विजेच्या दिव्याला असा जोड चालून जातो. डिशच्या केबलमधून मात्र सुमारे एक ते दोन गिगाहर्ट्झचा सिग्नल वाहतो, आणि मधली तार व जाळी यांच्यातले अंतर एखाद्या ठिकाणी जरी बिघडले, तरी तिथून तो परत फिरतो. मी टोकापासून बॉक्सपर्यंत नवी आरजी-६ (डिशसाठी वापरतात ती) केबल अखंड टाकली, दोन्ही टोकांना नवे कनेक्टर दाबून बसवले, बाहेरच्या कनेक्टरवर ताणून चिकटणारी रबरी टेप गुंडाळली आणि केबल भिंतीत शिरते त्याच्या अलीकडे तिला खाली झोळ दिला. हा झोळ कोणी देत नाही. तो नसला तर केबलवरून ओघळणारे पाणी भिंतीच्या भोकातून थेट घरात येते. तो असला की पागोळीचे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते.

दुसरा दोष भिंतीचा होता. आमची घरे जांभ्या चिऱ्याची. चिऱ्यात भोक पाडून बोल्ट ठोकला तर पहिली दोन वर्षे तो घट्ट राहतो. मग वाऱ्याने डिश हलते, भोकाच्या कडा भुसभुशीत होऊन झडतात आणि डिश मान टाकते. मान किती टाकली तर चित्र जाईल, याचा हिशेब ऐकून माझे विद्यार्थीही चकित होत असत. ६० सेंटीमीटर व्यासाच्या डिशचा झोत, म्हणजे ती जेवढ्या कोनातून सिग्नल नीट पकडते तो, साधारण तीन अंशांचाच असतो. म्हणजे डिश दीड अंशाने कलली की सिग्नल निम्मा होतो, आणि दीड अंश म्हणजे डिशची कड उण्यापुऱ्या दीड सेंटीमीटरने सरकणे. खालून पाहणाऱ्याला डिश सरळच दिसते. डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत सेवेचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे; दापोलीहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून जवळपास ५९ अंश वर येतो. तिथून येणारा सिग्नल एवढ्याशा पत्र्यात पकडायचा, तर पाया पक्काच हवा. मी भिंतीचा नाद सोडला, अंगणाच्या कडेला सिमेंट-काँक्रीटचा छोटा ओटा बांधून घेतला आणि त्यात लोखंडी खांब पुरून डिश त्यावर बसवली. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, म्हणून नटबोल्टांना ग्रीस लावले आणि खांबाला रेड ऑक्साइड.

तिसरा दोष हापूसचा होता. २०१२ मध्ये डिश बसवली तेव्हा समोरचे कलम कौलांच्या खाली होते. सात वर्षांत त्याची एक फांदी बरोबर आग्नेयेच्या वाटेत आली होती. कोरडी पानेही सिग्नल अडवतात आणि ओली पाने तर फारच, त्यामुळे सर गेल्यावरही झाड निथळेपर्यंत चित्र येत नसे. फिटरने फांदी तोडायला सांगितले होते आणि आईने साफ नकार दिला होता. मला तिचे म्हणणे तेव्हाही पटले, आजही पटते. वडिलांच्या हातचे कलम टीव्हीसाठी तोडायचे नसते. ओट्याची जागा निवडताना मी आग्नेयेचे आकाश मोकळे मिळेपर्यंत सहा पावले सरकलो, एवढ्यानेच काम झाले.

क्वालिटी ७० वर गेली. सहा दिवसांनी ओटीवर बातम्या लागल्या तेव्हा आई काही बोलली नाही, तिने फक्त आवाज वाढवला.

एवढे करूनही मोठ्या सरीत चित्र जाते का? जाते. आमच्या पट्ट्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यापुढे ६० सेंटीमीटरची डिश कमीच पडते. यावर खरा उपाय ९० सेंटीमीटरच्या डिशचा आहे; तिचे क्षेत्रफळ सव्वादोन पट असल्यामुळे सिग्नलही तेवढाच जास्त गोळा होतो आणि पुष्कळशा सरी ती झेलून नेते. मात्र तिचा झोत आणखी अरुंद असतो आणि तिला वाराही जास्त लागतो, तेव्हा काँक्रीटचा पाया नसेल तर ती घेऊ नका. मार्चच्या मध्याला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास थोडी मिनिटे चित्र जाते, त्याने घाबरू नका. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो, एवढेच.

आता इंटरनेटबद्दल लिहितो. त्याचे फायदे मोठे आहेत आणि मी ते नाकारत नाही. चुकलेला भाग दुसऱ्या दिवशी पाहता येतो, नातवंडांना हवे ते मिळते. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या वेळी प्रसार भारतीने वेव्हज हे ॲपही आणले, त्यामुळे दूरदर्शनच्या वाहिन्या आता मोबाइलवरही दिसतात. पण मोबाइलच्या डेटावर रोजचा टीव्ही चालवण्याचा विचार करत असाल, तर आधी हिशेब करा. एचडी चित्राला सेकंदाला ५ मेगाबिट धरले, तर तासाला सव्वादोन जीबी होतात. दिवसाला दोन जीबीचा पॅक तासाभराच्या आतच संपतो, आणि एकटे माणूस दिवसाला चार तास तर सहज टीव्ही लावते. म्हणजे घरापर्यंत फायबर आलेले असले, तरच ही सोय खरी. फायबर घेतलेत की वेग दुपारी तपासू नका. रात्री आठ-नऊला, पाऊस चालू असताना आणि टीव्हीच्या जागी उभे राहून तपासा. दीड फुटी चिऱ्याच्या भिंतीपलीकडे वायफाय फार थकून पोहोचते, म्हणून राउटर माजघरात ठेवून टीव्ही ओटीवर असेल तर मधे सरळ लॅन केबल टाकून घ्या. आमच्याकडे फायबर विजेच्या खांबांवरून येते, त्यामुळे एखादी फांदी पडली की ते तुटते, आणि तुटलेले जोडायला कोण कधी येईल, हे पावसावर आणि रस्त्यावर अवलंबून असते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा आमच्या भागात विजेचे खांब आडवे झाले आणि मोबाइलचे टॉवर बंद पडले. कोणाला फोन लागत नव्हता. आमची कौले उडाली, त्या कलमाच्या दोन मोठ्या फांद्या गेल्या, पण काँक्रीटमधला खांब जागेवरच होता. तिसऱ्या दिवशी वाडीतल्या एका घरातून सौर पॅनेलवर भरलेली बॅटरी आणि इन्व्हर्टर आणून आम्ही आईचा टीव्ही तासभर लावला. सगळी वाडी अंगणात जमली होती. किती गावांचे काय झाले, मदत कुठवर आली, हे आम्हाला त्या तासात पहिल्यांदा कळले. डिशला उपग्रहाशिवाय आणि थोड्या विजेशिवाय कोणाची गरज नसते. मधे टॉवर नाही, खांब नाही, आणि फ्री डिश असेल तर महिन्याचे रिचार्ज संपल्याचा निरोपही नाही. डिश ठेवा असे मी इतक्या आग्रहाने म्हणतो, ते त्या संध्याकाळमुळे.

आणखी एक सांगावेसे वाटते. हा निर्णय पैसे भरणाऱ्याने मुंबईत बसून घेऊ नये. माझी आई आता ८४ वर्षांची आहे. रिमोटवर तीन आकडे दाबले की सह्याद्री लागते, हे तिच्या बोटांना पाठ आहे. फायबर आल्यावर मी तिला ॲपही शिकवले, तिने वहीत पायऱ्या लिहून घेतल्या, आठवडाभर मनापासून प्रयत्न केला आणि मग म्हणाली, "हे शोधेपर्यंत बातम्या संपतात रे." मी दोन्ही ठेवले. डिश तिच्यासाठी आहे, आणि नेट सुट्टीत येणाऱ्या मुलांसाठी व तिच्या व्हिडिओ कॉलसाठी. तुमच्या आईंना किंवा बाबांना कदाचित ॲपच आवडेल. तसे असेल तर त्यांनीच ते सांगू दे, महिनाभर दोन्ही वापरून झाल्यावर.

डिशची तपासणी आगोटीच्या कामांत धरा, घर शाकारताना आणि लाकडे भरताना करतो तशी, मे महिन्यात. कनेक्टर उघडून पाहा, बोल्ट आवळा, आग्नेयेला फांदी आली आहे का ते बघा, आणि एलएनबीच्या तोंडावर कुंभारीण माशीने मातीचे घर केले असेल तर ते हलक्या हाताने काढा. जूनमध्ये ओल्या कौलांवर कोणाला चढवू नका. विजा कडाडत असताना बॉक्सचा प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवायला घरच्यांना सांगा.

आणि मला फोन करण्यापूर्वी घरी विचारून तीन गोष्टी लिहून घ्या: स्ट्रेंग्थ किती, क्वालिटी किती आणि पाऊस थांबल्यापासून किती मिनिटांनी चित्र आले. एवढे कळले, तर बहुतेक वेळा मला इथूनच सांगता येते की फिटर बोलवावा लागेल की नुसते एक कनेक्टर.