कोल्हापूरचे सर आणि दहा आज्ञा

शाळेच्या हीरकमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा, असा समितीचा फोन आला. लिहायला बसले आणि डोळ्यांसमोर एकच माणूस उभा राहिला. हेडमास्तरांची शिस्त, स्नेहसंमेलनातली नाटके, चिऱ्यांची जुनी इमारत यांविषयी बाकीचे लिहितीलच. मी कोल्हापूरच्या सरांविषयी लिहिणार आहे.

सर इंग्रजी आणि इतिहास शिकवायचे. ते ख्रिस्ती आहेत हे सगळ्यांना ठाऊक होते, पण कसले ख्रिस्ती हे आम्हा मुलांना उमगत नव्हते. आपल्याकडे गोव्यात ख्रिस्ती म्हटले की इगर्ज (चर्च), पाद्री, सायबीण (मारिया माता), फेस्त (चर्चचा उत्सव). सर वाड्यावरच्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, कधी दिसले नाहीत. त्यांच्या गळ्यात खुरीस (क्रूस) नव्हता. रविवारी मात्र ते जादा तास घेत नसत. तो उपासनेचा दिवस, म्हणून शनिवारी दिवेलागणीपर्यंत बसून शिकवायचे. रॉयल वाइल्डर हा अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आला, तिथे पुढे प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाची मंडळी, म्हणजे चर्च, उभी राहिली. सरांचे घराणे त्या मंडळीतले. तिथे बिशप नसे. मंडळीने निवडलेले ज्येष्ठ सभासद, त्यांना 'वडील' म्हणत, पाळकाच्या (धर्मगुरूच्या) बरोबरीने बसून कारभार पाहत. सरांचे बाबा त्यांपैकीच एक होते आणि ते सांगताना सरांचा चेहरा उजळायचा.

आठवीत असताना नाताळला आम्ही पाच-सहा जण नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा घेऊन त्यांच्या बिऱ्हाडी गेलो. बरोबर वर्गातला एकुलता एक कॅथलिक मुलगाही होता. नाताळचा गोठा आणि नखेत्र (चांदणी) बघायचे म्हणून आम्ही उत्साहाने आत शिरलो, तर घरात काहीच नाही. एक टेबल, पुस्तके, घड्याळ. भिंतीवर येशूची तसबीरसुद्धा नाही.

"सर, तुमचा देव कुठे आहे?" मी विचारले.

सर म्हणाले, देवाची मूर्ती किंवा चित्र करू नये अशी बायबलमधल्या दहा आज्ञांतली दुसरी आज्ञा आहे. तो आपल्याला त्याच्या वचनातून कळतो, म्हणून आम्ही ऐकतो. येशूचेही चित्र आम्ही लावत नाही.

यावर तो मुलगा ताडकन म्हणाला, "दुसरी आज्ञा ती नव्हे सर! देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये, ही दुसरी."

"तुझी दुसरी ती माझी तिसरी," सर म्हणाले. त्यांनी कागद काढला, मधोमध रेघ मारली आणि त्या मुलाला डावीकडे त्याच्या आज्ञा लिहायला सांगितले. उजवीकडे स्वतः लिहू लागले. त्याची 'खून करू नको' पाचवी, सरांची सहावी. चोरीची त्याची सातवी, सरांची आठवी. शेवटी बेरीज दोन्हीकडे दहाच. मूर्तीची मनाई त्याच्याकडे पहिल्या आज्ञेतच धरलेली होती आणि परक्याच्या वस्तूचा लोभ धरू नये ही सरांची दहावी त्याच्याकडे दोन आज्ञांत विभागलेली. "मग बरोबर कुणाचे?" त्याने विचारले. सरांनी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून त्यातल्या निर्गम या पुस्तकाचा विसावा अध्याय त्यालाच वाचायला लावला. त्यात आज्ञांना आकडे नव्हतेच. तो मुलगा वाचत होता आणि सर हात जोडून ऐकत होते.

माझ्या मनात भलताच प्रश्न होता. "सर, या दहाच्या दहा पाळल्या की स्वर्ग मिळतो?"

"नाही," सर म्हणाले. इतके स्पष्ट 'नाही' मला अपेक्षित नव्हते. १५६३ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे तयार झालेली एक प्रश्नोत्तरावली त्यांनी बालपणी पाठ केली होती. तिच्यात १२९ प्रश्न आहेत आणि भाग तीन: माणसाचे दैन्य, त्याचे तारण म्हणजे पापातून सुटका, आणि उपकारस्तुती. दहा आज्ञा येतात तिसऱ्या भागात. तारण माणूस कमावत नाही. ते ख्रिस्तावरच्या विश्वासाने, निव्वळ कृपेने मिळते. आज्ञा पाळायच्या त्या नंतर, आभार म्हणून. पाप-पुण्याच्या हिशेबात वाढलेल्या मला हे अगदीच नवे होते. सर गुणांच्या क्रमाने पेपर का वाटत नाहीत आणि नापास मुलांना घरी बोलावून फुकट का शिकवतात, हे मला त्या संध्याकाळी कळले.

देव आपली माणसे आधीच निवडतो, ही त्यांची एक शिकवण मात्र मला आजही पटत नाही. मग प्रयत्न कशाला, असे मी पुढे दहावीत विचारलेही. ज्याला फुकट मिळाले त्याला बढाई मारायला जागा उरत नाही, एवढेच ते म्हणाले. मी शांतादुर्गेची भक्त होते आणि आहे. सरांनी त्याबद्दल अवाक्षर काढले नाही.

इतिहासाच्या तासाला त्यांनी फळ्यावर १५६० लिहिले होते. त्या वर्षी स्कॉटलंडच्या पार्लमेंटने प्रेस्बिटेरियन धर्मसुधारक जॉन नॉक्स आणि सहकाऱ्यांनी लिहिलेला विश्वासाचा जाहीरनामा स्वीकारला आणि त्याच वर्षी आपल्या गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारे कॅथलिक धर्मन्यायालय, सुरू झाले. आम्ही कुजबुजू लागलो तेव्हा त्यांनी वरच्या ओळीत १५५३ लिहिले. सरांचा पंथ ज्याच्या शिकवणीतून निघाला त्या कॅल्विनच्या जिनिव्हात, कॅल्विनच्या संमतीने, सर्व्हेटस या धर्मपंडिताला पाखंडी ठरवून जाळले ते वर्ष. आपल्या माणसांचा दोष त्यांनी लपवला नाही. असा इतिहास शिकवणारा शिक्षक मला पुन्हा भेटला नाही.

शाळा संपल्यावर माझ्या घरी लग्नाची बोलणी सुरू झाली होती. सरांनी बाबांची समजूत घातली, मिरजेच्या मिशन हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलसाठी पत्र दिले आणि मला कारेरमध्ये (बसमध्ये) बसवायला स्वतः आले. पुढे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात मी नोकरी केली, मेट्रन म्हणून निवृत्त झाले. सरांच्या प्रश्नोत्तरावलीतला पहिलाच प्रश्न असा: जगताना आणि मरताना तुझा एकमेव दिलासा कोणता? उत्तर: मी माझा नाही; देहाने आणि जिवाने मी माझ्या विश्वासू तारणाऱ्याचा, येशू ख्रिस्ताचा आहे. रात्रपाळीत किती जणांच्या उशाशी बसले, तेव्हा हा प्रश्न मला आठवला आहे. उत्तर प्रत्येकाने आपापल्या देवाच्या नावाने दिले.

आता सरांच्या बिऱ्हाडाच्या जागी फ्लॅट झाले आहेत. सणाला शिक्षकांच्या घरी डबा घेऊन जाणारी मुले दिसत नाहीत, याचे वाईट वाटते.

सरांच्या नावाने शाळेकडे मी एक रक्कम ठेवली आहे. त्यातून दरवर्षी एका मुलाचा वर्षभराचा खर्च भागेल. समितीने पारितोषिकाचे निकष विचारले. मी लिहून दिले: गुण पाहू नयेत, अर्ज मागवू नये, आणि मुलाला व्यासपीठावर बोलावू नये.